दुर्बिणीतले चार फोटो

९ एप्रिल २०२५, हातखंबा

स्वरूप,

दादा लिहीत नाही, मुद्दाम. पोस्टाने लिहिते, कारण तू मला सगळीकडून ब्लॉक केलंयस आणि पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. वहिनीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "सांगते हं त्यांना" म्हणून तिने ठेवला. तुला सांगताना ती माझं वाक्य धुऊन, वाळवून, घडी घालून देत असणार. म्हणून हे न धुतलेलं.

काम एकच आहे. बाबांना फोन कर आणि म्हण, डोंबिवलीला या, माझ्याकडे राहा. एवढंच वाक्य. माझ्यावरची खुन्नस आहे तिथे राहू दे, मला तिचं काही करायचं नाही.

बाबांची अन्ननलिका खराब झालीय. फेब्रुवारीत भाकरी अडकायला लागली. ते म्हणाले, भाकरी जाड झाली. आईने पातळ केली. मार्चमध्ये भात अडकला. ते म्हणाले, तांदूळ बदललाय. आता फक्त पेज जाते, आणि ती कशी पातळ पाहिजे हे सांगताना ते आईवर खेकसतात. गेल्या आठवड्यात मी त्यांना रत्नागिरीला नेलं, दुर्बीण घातली, तुकडे काढून तपासायला पाठवले. आज रिपोर्ट आला. जठरातलं आम्ल वर येऊन येऊन नळीचं अस्तर जळलंय आणि त्या जागी शरीराने दुसरंच अस्तर उगवलंय, आतड्यासारखं, लाल. हे तुला मी सांगायला नको, तू दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीत रोज बघतोस. पण आता त्या लाल अस्तरातल्या पेशी बिघडल्यात. कॅन्सर नाही. "अजून नाही," असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा सगळा जोर 'अजून'वर होता.

ते अस्तर दुर्बिणीतूनच जाळता येतं, पण इथे कोणी करत नाही. मुंबईला जायचं, तीन-चार खेपा, मधे राहायचं. महिन्याभरात सुरू करा म्हणाले.

बाबा म्हणतात, "ज्याने गणपती वेगला केलान त्याच्या घरात मी कसा ऱ्हाऊ? त्याने बोलवला तर जाईन. नायतर हिथं काय वाईट हाय?" गणपती वेगळा कर असं तेच तुला म्हणाले होते, हे ते सोयीने विसरलेत. तू सोयीने लक्षात ठेवलंयस.

२०२३ ची दुर्बीण नॉर्मल होती, वहिनीने सांगितलं असेल तुला. मग एवढ्यात हे कसं झालं कोणास ठाऊक.

फोन कर.

ज्ञानू


१८ एप्रिल

स्वरूप,

नऊ दिवस झाले. इथून डोंबिवलीला पत्र चार दिवसांत जातं, मी पोस्टात विचारून आले.

बाबा रोज फोन उशाला ठेवतात. विचारलं तर म्हणतात, अलार्म लावलाय. त्यांना अलार्म लावता येत नाही.

तुला वाटत असेल, मी गणपतीतलं विसरले. सगळं आठवतं. पंगत बसली होती. बाबांचा घास अडकला, त्यांनी छातीवर मूठ मारली, पाणी प्यायले, आणि तू सगळ्या भावकीसमोर ताट सरकवून म्हणालास, "बाबा, हे पित्त नाही. दुर्बीण करायला पाहिजे." बाबा म्हणाले, "पित्तच हाय. सकालचा नीट पडला नाय म्हणून." मग तू आपल्या हायवेवरच्या स्टॉलवरची कोकमाच्या आगळाची बाटली आणलीस आणि माझं लेबल मोठ्याने वाचलंस. "घोटभर आगळ, पित्ताला लगाम." आणि म्हणालास, "कोणी लिहिलंय हे? त्याला आधी तपासा."

मी लिहिलं होतं. एसवायला होते. माझं छापून आलेलं पहिलं वाक्य आहे ते, आणि आजपर्यंत सगळ्यात जास्त खपलेलंही. पुण्याच्या गाड्या थांबून ते वाक्य विकत घेतात. आख्ख्या हातखंब्यात लेखिका म्हणून माझा एवढाच पुरावा आहे आणि तू तो पंगतीत चटणीसारखा वाढलास.

मग मी बोलले ते बोलले. "दुर्बिणी धुणारे आता डॉक्टर झाले वाटतं." हे वाईट होतं. "वर्षातून पाच दिवस येतोस आणि तुला बाबा आजारीच पाहिजेत" हे त्याहून वाईट होतं. भावकी हसली. पहिल्याला हसली, दुसऱ्याला नाही. तू उठलास. तुझ्या तोंडून शिवी गेली, आणि बाबा म्हणाले, "माज्या पोरीला बोलायचा नाय. पटत नसल तर तुजा गणपती वेगला कर." तू हात धुतलेस, बॅग भरलीस, आणि पुढच्या वर्षी खरंच डोंबिवलीत मूर्ती आणलीस. वहिनीने स्टेटसला ठेवली होती. बाबांनी माझ्या फोनवर ती इतका वेळ बघितली की स्क्रीन तीनदा बंद पडली.

ते अजूनही सकाळी ओकतात. तांब्याभर कोमट पाणी, त्यात दोन पळ्या आगळ, मागच्या पडवीच्या कडेला उकिडवं बसायचं आणि दोन बोटं. तुला आठवतो तोच आवाज. मन्सूरचाचांच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो. ते म्हणतात, "केरूशेटचा भोंगा झाला, आता दूध ठेवायचा." मी हसायचे. बाबांनाही अभिमान होता. आंबट-कडू पिवळं पाणी पडलं की म्हणायचे, "बघ, ह्ये सगला आत होता." आणि लोकांना शिकवायचे. गोव्याला चाललेल्या बायका-पोरांना स्टॉलवर उभं करून शिकवायचे, बोटं कशी घालायची.

आता डॉक्टर म्हणतात, जे आम्ल कधीमधी वर यायचं, ते तुम्ही रोज हाताने ओढून वर आणलंत. चाळीस वर्षं. मी विचारलं, आणि कोकम? ते म्हणाले, "कोकमाने झालं असं मी म्हणणार नाही. पण उपचार म्हणून कोकम घेत बसलात, ते नडलं." बाबा बाहेर बाकड्यावर होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की सकाळचं बंद करा. ते म्हणाले, "मग पित्त जाईल कुठं?"

खरंच, कुठे जाईल? हा प्रश्न मला कुठल्याही डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नापेक्षा अवघड वाटला.

महिन्यातले नऊ दिवस गेले. मी रागात लिहितेय असं तुला वाटेल. मी रागातच लिहितेय. पण फोन कर.

ज्ञानू


२६ एप्रिल

स्वरूप,

तुझी चिठ्ठी मिळाली. मराठीत याला पत्र म्हणत नाहीत, याला फर्मान म्हणतात.

"२०२३ चा रिपोर्ट पाठव. फोटोंसकट. मग बोलतो."

तो रिपोर्ट सापडत नाही. त्या वर्षी पावसात कपाटाच्या मागची भिंत ओली झाली होती, बरेच कागद गेले. आणि नॉर्मल रिपोर्टचं एवढं काय करायचंय? आत्ताचा आहे ना. त्याची झेरॉक्स जोडलीय. तेवढ्यावर तुमच्या डॉक्टरांना कळत नसेल तर कसले मोठे डॉक्टर.

रातांब्यांचा सीझन आहे, वर्षाचं कोकम-आगळ आत्ताच करायचं. बाबा आज फोडायला बसले, अर्ध्या तासात उठले. वजन आठ किलो उतरलंय. आई पेजेत तूप घालते आणि मला बजावते, त्यांना सांगू नको. या घरात प्रत्येकजण बाबांपासून काहीतरी लपवतंय आणि त्याला काळजी म्हणतंय.

रिपोर्टवर अडून बसू नकोस. तू रिपोर्टचा मुलगा नाहीस, बाबांचा आहेस.

ज्ञानू


२९ एप्रिल

दादा,

तीन दिवस झाले. ते पत्र पोस्टात टाकून परत येताना मी स्टॉलवर बसले आणि बाबांनी एका गाडीवाल्याला बाटली दिली. त्याने विचारलं, "काका, खरंच फरक पडतो का?" बाबा म्हणाले, "माज्याकडं बघा की." तो माणूस बघत राहिला. बाबांच्या गालांची हाडं बघत राहिला. मग त्याने बाटली परत ठेवली आणि म्हणाला, येताना घेतो. बाबांना कळलं नाही. मला कळलं.

रिपोर्ट भिजलेला नाही. भिंतही ओली झाली नव्हती. तो लेबलांच्या जुन्या गठ्ठ्यात आहे, सुतळी बांधलेल्या, मीच बांधलेल्या. या पत्रात घातलाय. मूळ प्रत आहे, झेरॉक्स नाही. चार फोटो आहेत.

आता सांगते. २२ नोव्हेंबर २०२३. तू गेल्यावर दोन महिने बाबा हट्टाने नाही म्हणत होते. मग सावर्ड्याला लग्नात त्यांना घास अडकला, चारचौघांत डोळे पांढरे झाले, तेव्हा घाबरले आणि मला म्हणाले, चल, करून टाकू, पण त्याला सांगू नको. दुर्बीण झाली. बाबा इंजेक्शनच्या गुंगीत होते, बाहेर झोपलेले. तुकड्यांचा रिपोर्ट आठवड्याने आला तेव्हा मी एकटीच गेले. डॉक्टरांनी फोटोवर पेनने दाखवलं. नळी फिकी गुलाबी असते, खालून लाल जिभा वर चढल्यात. अस्तर बदलायला लागलंय. पेशी मात्र अजून चांगल्या आहेत. रोज गोळी, कायमची. ओकणं आजपासून बंद. रात्री उशिरा जेवून आडवं व्हायचं नाही. वर्षाने परत दुर्बीण. "घाबरायचं काही नाही, फक्त विसरायचं नाही," असं म्हणाले. मला वाक्य आवडलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. म्हणजे बघ.

जिना उतरून रिक्षा स्टँडवर आले आणि वहिनीचा फोन आला. "झाली का गं दुर्बीण? काय निघालं?" तिला कुठून कळलं माहीत नाही, आईने सांगितलं असेल. आणि मागून तुझा आवाज आला. "विचार, बायोप्सी घेतली का." शांत. जिंकलेल्या माणसाचा आवाज. निदान मला तसा वाटला. मला दिसलं, तू पुढच्या गणपतीला येणार, पंगतीत बसणार, काही बोलणार नाहीस, नुसता बसणार, आणि सगळी भावकी माझ्याकडे बघणार.

मी म्हटलं, "नॉर्मल."

एवढंच कारण आहे. मी गेले तीन दिवस याहून बरं कारण शोधतेय. बाबांना धक्का बसला असता, स्टॉल बंद पडला असता, लेबलं बदलावी लागली असती, ही सगळी मी लिहून बघितली. वाचायला छान वाटतात. खोटी आहेत. तू बरोबर निघाला असतास, ते मला चालणार नव्हतं.

मग तो शब्द सांभाळावा लागला. बाबांना सांगितलं, थोडी सूज आहे. गोळ्या महिनाभर दिल्या. त्यांना बरं वाटलं, ते म्हणाले, आता कशाला. मी कशाला ते सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, बरं. ओकण्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. रोज सकाळी मागच्या पडवीतून तो आवाज यायचा आणि मी अंथरुणात पडून ऐकायचे. मला माहीत होतं काय होतंय. फोटो बघितलेले होते मी. कुशीवर वळायचे.

वर्ष झालं, नोव्हेंबर २०२४. तारीख लक्षात होती. त्या दिवशी मी एक कविता पूर्ण केली.

या वेळी डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी केली होती? मी नाही म्हटलं. दुसऱ्या दवाखान्यात नेलं होतं मुद्दाम.

झालं. आता तुझ्याकडे सगळं आहे. तुला मला काय म्हणायचंय ते म्हण, भावकीत म्हण, स्टेटसला ठेव. पण आधी बाबांना फोन कर.

ज्ञानेश्वरी


१९ मे

दादा,

तू फोन केलास. पाच तारखेला, दुपारी. बाबा स्टॉलवर होते, मी रातांब्यांना मीठ लावत होते. ते उठून उभे राहिले फोन घेताना. "हां. हां. बरा हाय. येतो की. कधी?" ठेवला आणि मन्सूरचाचांना ओरडून म्हणाले, "पोराने बोलवलान. मुंबईला जातोय, नली जालायला." चाचा म्हणाले, "जा जा. भोंगा बंद झाला तर आमाला दूध कधी ठेवायचा ते कळंल कसा?" दोघं हसले. बाबांना हसताना ठसका लागला आणि ते बराच वेळ खाली बसले.

आणि तेरा तारखेला तू गाडी घेऊन आलास.

मी काय अपेक्षा केली होती कोणास ठाऊक. शिव्यांची तयारी केली होती मी. काही उत्तरंही पाठ होती. तू अंगणात पाणी प्यायलास, आईच्या पाया पडलास. खिशातून तो रिपोर्ट काढलास, माझाच पाठवलेला, आणि चारही फोटो उन्हात धरून बघितलेस. ते तू आधी शंभर वेळा बघितलेले असणार. तरी माझ्यासमोर उभं राहून बघितलेस. बोट तिसऱ्या फोटोवर थांबलं. मग घडी घातलीस. बाबा म्हणाले, "काय कागद हाय?" तू म्हणालास, "जुना आहे एक. कामाचा."

आई म्हणाली, पेज घे जरा. तू म्हणालास, चिपळूणला खाऊ. बाबा पुढे बसले. आई मागे, तिच्याशेजारी पिशवी. बाबांनी काच खाली केली. "ज्ञानू नाय येत?"

"जागा नाही," तू म्हणालास.

तिघांची सीट होती. पिशवीला खिडकी मिळाली. बाबांनी मागे वळून सीट बघितली, मग तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते काय समजले मला माहीत नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रातांबे कोन बघील?"

 घरात आता मी एकटी आहे. मला हे पाहिजेच होतं असं तू म्हणशील.

ज्ञानू


२७ मे

दादा,

काल बाबांनी वहिनीच्या फोनवरून फोन केला. पहिलं जाळणं झालं, छातीत दुखतं, पण तसं व्हायचंच म्हणाले. एक जागा जाळण्यासारखी राहिली नव्हती, ती कापून काढली आणि तपासायला पाठवली. किती खोल गेलंय ते पुढच्या आठवड्यात कळेल. खोल असेल तर मोठं ऑपरेशन. हे ते मला असं सांगत होते जसं काही गाडीचं काम निघालंय.

मग म्हणाले, "डाक्टर बोलले, वर्सभर आदी आला असता तर नुसता जालून भागला असता. मी बोललो, वर्सभर आदी कसा कलंल मानसाला? तरी माज्या पोरीमुलं येलेवर आलो. जबरदस्तीने नेलान मला. हिथं सगल्यांना सांगतो मी. शेजारच्या खाटेवरच्या मानसाला पन सांगितला."

मागे चमचा वाजत होता. कोणीतरी खोकलं. तो तू होतास.

तू सांगितलं नाहीस त्यांना.

मला आधी वाटलं, वाचवलंस मला. अर्धा दिवस मी तुला चांगला माणूस मानत होते, रडले पण. मग संध्याकाळी कळलं. तू वाचवलेलं नाहीस. तू बाबांना रोज माझं कौतुक करू देतोयस, खाटेखाटेवर, आणि बघतोयस मी ते कुठवर ऐकून घेते. मला शिक्षा करायची याहून चांगली पद्धत मला स्वतःलाही सुचली नसती, आणि मी सुचवण्याच्या धंद्यात आहे. किंवा असं काही नसेल. तू नुसता दमला असशील. कामावरून येऊन बापाला पेज भरवणारा माणूस शिक्षा वगैरे ठरवत बसत नसेल. मला तुझा आवाज वाचता येत नाही, हे रिक्षा स्टँडवर सिद्ध झालंय.

काही असो. सांगायचं काम माझं आहे. फोनवर सांगितलं तर बाबा "असू दे गो" म्हणतील, पुरतं ऐकायच्या आधीच. म्हणून खाली त्यांना लिहिलंय. तू वाचून दाखव. मोठ्याने. मधलं काही गाळायचं नाही, माझ्या बाजूचं नाही आणि तुझ्या बाजूचंही नाही.

बाबा,

तुमचा चष्मा फळीवर राहिलाय, म्हणून हे स्वरूप वाचतोय. आवाज त्याचा आहे, बोलतेय मी.

दीड वर्षापूर्वी आपण दुर्बीण केली, तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, थोडी सूज आहे. सूज नव्हती. तुम्हाला आत्ता जे झालंय ते तेव्हाच सुरू झालं होतं, आणि डॉक्टरांनी मला फोटोवर दाखवलं होतं. ओकू नका, रोज गोळी घ्या, वर्षाने परत या, हे सगळं त्यांनी तुमच्यासाठी माझ्याकडे दिलं होतं. मी ते तुम्हाला दिलं नाही. वहिनीला नॉर्मल म्हणून सांगितलं आणि कागद लपवला. स्वरूप पंगतीत बोलला ते खरं निघालं होतं आणि मला ते खरं निघायला नको होतं. याशिवाय दुसरं कारण नाही.

तुम्ही विचारलंत ना, वर्षभर आधी कसं कळणार माणसाला. मला कळलं होतं.

मी तुम्हाला वेळेवर नेलं नाही. वेळ गेल्यावर नेलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आता हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

स्वरूपला विचारू नका की ज्ञानू असं कसं वागली. त्याला माहीत नाही, त्याला फक्त रिपोर्ट माहीत आहे. मला विचारा. तुमची गोळी झाल्यावर, पेज झाल्यावर, अर्धा तास बसून राहायला सांगितलंय ना तुम्हाला, त्या अर्ध्या तासात विचारा. मी स्टॉल बंद केलाय आज. फोन घेऊन बसलेय.